चार रुपये पंचेचाळीस पैशांचा पुडा

घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ ला, जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि पुढच्या काही दिवसांत बाजारात विचित्र किमती दिसू लागल्या. पार्ले-जीचा पाच रुपयांचा पुडा चार रुपये पंचेचाळीस पैसे. रुपयाला मिळणारी गोळी अठ्ठ्याऐंशी पैसे. दोन रुपयांची शाम्पूची पुडी एक रुपया सत्त्याहत्तर पैसे.

माझी भाची सातवीत आहे. शेकडेवारी नुकतीच शिकली आहे, त्यामुळे दिसेल त्याची टक्केवारी काढते. ती म्हणाली, "आत्या, बिस्किटांवरचा कर १८ टक्के होता, तो ५ टक्के झाला. म्हणजे १३ टक्के कमी. पाच रुपयांचे १३ टक्के पासष्ट पैसे. मग पुडा ४.३५ ला मिळायला हवा. हे दहा पैसे कुणी ठेवून घेतले?"

प्रश्न इतका चांगला होता की उत्तर देण्याआधी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुम्हीही बसा, कारण ही चूक मोठी माणसंसुद्धा रोज करतात.

पाकिटावर छापलेली किंमत सगळे कर धरून असते. म्हणजे पाच रुपयांच्या पोटात मालाची किंमत आणि तिच्यावरचा कर असे दोन्ही बसलेले असतात. कर मालाच्या किमतीवर लागतो, पाच रुपयांवर नाही. मालाची किंमत १०० धरली तर १८ टक्के कर मिळवून छापील किंमत ११८ होते. आपल्याकडे उलटा हिशेब आहे: ११८ च्या जागी ५ रुपये आहेत, तर १०० च्या जागी किती? ५ भागिले १.१८, म्हणजे सुमारे ४ रुपये २४ पैसे. हा मालाचा भाव. आता त्यावर ५ टक्के कर चढवा. ४.२४ चे पाच टक्के साधारण २१ पैसे. बेरीज ४ रुपये ४५ पैसे. पुड्यावर तेच छापलं होतं.

म्हणजे दहा पैसे कुणी ठेवून घेतले नव्हते. करात १३ टक्क्यांचा फरक पडला, पण छापील किमतीत पडला ११ टक्क्यांचा. भाचीनं १३ टक्के चुकीच्या आकड्यावर लावले होते. टक्के दिसले की आधी विचारायचं, "कशाचे टक्के?" एवढी सवय लागली तर सेलच्या पाट्यांपासून कर्जाच्या व्याजापर्यंत बरंच काही सरळ दिसू लागतं. रुपयाच्या गोळीचंही तसंच. १ भागिले १.१८, गुणिले १.०५, उत्तर ०.८८९८. वरचा अपूर्णांक सोडून छापलं ८८ पैसे.

पुडा ४.४५ लाच का, हे कळलं. पण तो विकत कसा घ्यायचा, हा प्रश्न राहतोच, कारण पंचेचाळीस पैसे देता येतील अशी नाणी आपल्याकडे नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण मला आठवतंय तेव्हापासून आमच्या गावात ते कुणी घेतलेलं नाही. व्यवहारात सगळ्यात लहान नाणं रुपयाचंच.

मग किती पुडे एकदम घेतले म्हणजे हिशेब बंद्या रुपयांत बसेल? एक पुडा ४४५ पैशांचा. १०० ने पूर्ण भाग जाईपर्यंत गुणत राहायचं. ४४५ आणि १०० या दोघांनाही ५ ने भाग जातो, त्याहून मोठ्या संख्येनं जात नाही. १०० भागिले ५, म्हणजे २०. वीस पुडे घेतले तर बरोबर ८९ रुपये. ८८ पैशांच्या गोळ्यांना ४ हा सामाईक विभाजक आहे, म्हणून पंचवीस गोळ्या, बावीस रुपये. आणि १७७ पैशांच्या शाम्पूला १०० शी १ सोडून कुठलाच सामाईक विभाजक नाही. तिथे शंभर पुड्या घेतल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. शाळेत मसावि-लसावि शिकवतात तेव्हा मुलं विचारतात, हे लागतं कुठे. इथे लागतं. वीस पुडे कुणी घेत नाही, पण एकच पुडा घेणारा पंचावन्न पैशांवर पाणी सोडतो की दुकानदार पंचेचाळीसवर, एवढाच प्रश्न उरतो.

माझे वडील तालुक्याच्या गावी किराणा दुकान चालवायचे. गल्ल्यामागच्या स्टुलावर माझ्या सुट्ट्या गेल्या. दुकानात पुढेच काचेच्या तीन बरण्या असायच्या: एकीत लिमलेटच्या गोळ्या, दुसरीत श्रीखंडाच्या, तिसरीत वेष्टनातली चॉकलेटं. (आपल्याकडे वेष्टनात गुंडाळलेल्या कुठल्याही गोळीला चॉकलेटच म्हणतात, तिच्यात कोको असो वा नसो.) तिसऱ्या बरणीचं खरं काम मला फार उशिरा कळलं. ती सुट्ट्या पैशांची बरणी होती. "रुपया सुट्टा नाही, चॉकलेट देऊ?"

हा व्यवहार मांडून बघू. समजा शंभर गोळ्यांची बरणी दुकानदाराला ८० रुपयांना पडते आणि गोळी रुपयाला विकली जाते. तुमचं बिल ४९ रुपये झालं, तुम्ही ५० दिले आणि रुपयाऐवजी गोळी घेतली. दुकानदाराच्या खिशातून रुपया गेला नाही, ऐंशी पैशांचा माल गेला. वीस पैसे त्याला राहिले. दिवसाला अशी तीस गिऱ्हाइकं धरली तर सहा रुपये, महिन्याला १८० रुपये. शिवाय नऊशे गोळ्या खपल्या, ज्या कुणी मागितल्या नव्हत्या.

गिऱ्हाइकाचा तोटा झाला का? घरी गोळी खाणारं पोर असेल तर नाही. रुपयाची वस्तू रुपयाला मिळाली. पण तुम्हाला गोळी नको असेल तर ती तुमच्यासाठी शून्य किमतीची आहे, म्हणजे तुमचा पूर्ण रुपया गेला. आणि या व्यवहारात एक गोष्ट साफ एकतर्फी आहे. जमलेल्या चार गोळ्या घेऊन तुम्ही त्याच दुकानात चार रुपयांची काडेपेटी मागून बघा. नाणं दोन्ही दिशांना चालतं, गोळी एकाच दिशेला. चलन आणि माल यांतला फरक मुलांना समजावायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. कायद्यानंही गोळी चलन नाही. तुम्ही "नको, रुपयाच द्या" म्हणालात तर तो तुमचा हक्क आहे.

दुकानदाराची बाजूही मी पाहिली आहे. बाबा शनिवारी बँकेत जाऊन नाण्यांची पिशवी आणायचे, मंगळवारपर्यंत ती संपायची. नाणी घरोघरी डब्यांत, गल्ल्यांत, देवापुढच्या वाटीत जाऊन बसतात आणि परत येत नाहीत. नोट फिरत राहते, नाणं थांबतं. त्यातही एका अफवेनं आणखी भर घातली. दहा रुपयांची नाणी खोटी आहेत म्हणून बऱ्याच ठिकाणी ती घेईनात. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं की या नाण्याचे वेगवेगळ्या वेळी निघालेले चौदाही प्रकार खरे आहेत. उलट बाजूनं नाण्यांनाही मर्यादा आहे. २०११ च्या नाणे कायद्यानुसार एका व्यवहारात रुपयाची आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच घेण्याचं बंधन असतं, पन्नास पैशांची फक्त दहा रुपयांपर्यंत. पिशवीभर चिल्लर देऊन दुचाकी घेणाऱ्यांच्या बातम्या येतात. तिथे समोरचा माणूस ती आपल्या खुशीनं मोजून घेत असतो.

सुट्टे नसले की दुसरा मार्ग म्हणजे आकडा गोल करणं. एसटीनं २०१८ च्या भाडेवाढीत तिकिटं पाचच्या पटीत आणली होती. सात रुपये झाले तर पाच घ्यायचे, आठ झाले तर दहा. कंडक्टरच्या दृष्टीनं मोठी सुटका. पण प्रवाशाचं काय? पटकन वाटतं की यात कुणीतरी लुटला जातोय. मोजून बघा. शेवटचा आकडा १ असेल तर प्रवाशाचा १ रुपया वाचतो, २ असेल तर २. तीन असेल तर २ जास्त जातात, ४ असेल तर १ जास्त. ६ ला १ वाचतो, ७ ला २ वाचतात, ८ ला २ जास्त, ९ ला १ जास्त. ० आणि ५ ला काहीच नाही. वाचलेले ६, जास्त गेलेले ६. बेरीज शून्य. भाडी सगळ्या आकड्यांवर सारखी पसरलेली असतील तर हा नियम कुणाच्याच बाजूचा नाही. अर्थात रोज त्याच गावाहून त्याच गावाला जाणाऱ्याचा आकडा बदलत नाही. त्याला आठाचे दहा पडत असतील तर रोजच पडतात. सरासरी सगळ्यांची मिळून असते, एकट्याची नसते.

आता हाच नियम जरा वाकवू. दुकानदार नेहमी वरच्याच पाचावर नेतो असं धरा. ४१ चे ४५, ४२ चे ४५, ४६ चे ५०. दहा आकड्यांवर जादा जाणारे रुपये: ०, ४, ३, २, १, ०, ४, ३, २, १. बेरीज वीस, सरासरी दर बिलामागे दोन रुपये. महिन्यात पंचवीस वेळा दुकानात गेलात तर पन्नास रुपये. एका वेळी कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी लहान रक्कम, म्हणूनच ती वर्षानुवर्षं जाते. गोल करण्यात लबाडी नाही. गोल करण्याची दिशा ठरलेली असते, तिथे बघायला हवं.

हा गोलाईचा घोळ नवा नाही. आपल्या देशात तो एकदा सगळ्यांनी एकदम अनुभवला आहे, १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे किंवा १९२ पै. 'पै न् पै मोजली', 'सोळा आणे खरं', 'बंदा रुपया' हे आपण आजही म्हणतो ते तिथलं. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. १९५७ ला रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून त्यांना नवे पैसे म्हणायचे. ते 'नवे' १ जून १९६४ ला गळलं.

शंभराला सोळाने भागलं की ६.२५ येतात. सव्वासहा पैशांचं नाणं असू शकत नाही. म्हणून नियम असा केला: अर्धा किंवा त्याहून कमी नवा पैसा सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरायचा. एक आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे साडेबाराऐवजी १२, तीन आण्यांचे पावणेएकोणीसऐवजी १९, चार आण्यांचे बरोबर २५.

आता गोळ्यांकडे या. जुना एक पैसा म्हणजे १.५६ नवे पैसे. अर्ध्याहून जास्त, म्हणून धरायचे २. जुन्या एका पैशाची गोळी मुलानं घेतली की दोन नवे पैसे. अशा चार गोळ्या एकेक करून चार वेळा घेतल्या तर आठ नवे पैसे गेले. पण चारही एकदम घेतल्या तर तो झाला एक आणा, म्हणजे सहाच नवे पैसे. तीच बरणी, त्याच गोळ्या, दोन पैशांचा फरक फक्त एकदम घेण्यात. उलटही आहे. आण्याची वस्तू सोळा वेळा वेगवेगळी विकणाऱ्याला ९६ नवे पैसे मिळाले, रुपयाला चार कमी. गोल करायचं असेल तर शेवटच्या बेरजेला एकदाच करावं, प्रत्येक ओळीला नको, हा धडा आजच्या बिलाच्या यंत्रांनाही तसाच लागू आहे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण आण्यांची पद्धत अवघड होती आणि दशमान आल्यावर सुटलो, असं सरसकट सांगतात. ते अर्धंच खरं. सोळाची अर्धी करत जा: आठ, चार, दोन, एक. कुठेच काही उरत नाही. शंभराची करा: पन्नास, पंचवीस, मग साडेबारा, मग सव्वासहा. बाजारातला माणूस अर्ध्याची अर्धी करतच विकत घेतो: शेर, अर्धा शेर, पावशेर. पक्क्या शेराचे सोळा छटाक आणि रुपयाचे सोळा आणे. रुपयाला शेर भाव असेल तर आण्याला छटाक, पावलीला पावशेर. गुणाकार लागतच नव्हता. त्याच्या जोडीला मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन, हे आता अनेकांना सांगावं लागतं. आमच्या आजीला शाळा जेमतेम दोन-तीन वर्षं मिळाली, पण साठ रुपये किलोची पाऊण किलो भेंडी म्हटलं की ती पंचेचाळीस सांगून मोकळी व्हायची. साठाची पाव पंधरा, ती साठातून काढली. सव्वा काढायची तर पाव मिळवली. भाचीला मी हे शिकवलं तेव्हा तिला ते जादूसारखं वाटलं. पाऊणकी बंद झाली याचं मला खरंच वाईट वाटतं. भाजीवाल्यासमोर उभं राहून ०.७५ ने गुणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

मग रोजच्या व्यवहाराला किती प्रकारची नाणी पुरेशी आहेत? समजा गावातली एक रुपयाची सगळी नाणी नाहीशी झाली. फक्त दोनची आणि पाचची उरली. सुट्टे परत मिळणार नसतील तर कुठल्या रकमा देता येणार नाहीत? फक्त एक आणि तीन. दोन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ सगळं जमतं, आणि त्यापुढचंही. आणि समोरच्याकडेही दोनची नाणी असतील तर एक आणि तीनही जमतात. तीन द्यायचे तर पाच द्या, दोन परत घ्या. एक द्यायचा तर पाच द्या, दोनची दोन नाणी परत घ्या. "रुपया सुट्टा नाही" म्हणणाऱ्या दुकानदाराला हा मार्ग सुचवून बघा. पण दोनची आणि दहाचीच नाणी असती तर? सम संख्यांच्या पलीकडे कधीच जाता आलं नसतं. पाचचं नाणं एकटं विषम आहे म्हणून सगळा गाडा चालतो.

कमीत कमी नाणी कशी द्यायची, यालाही आपण सगळे न शिकवता एकच रीत वापरतो: आधी सगळ्यात मोठं नाणं, मग त्याच्या खालचं. १, २, ५, १०, २० या माळेत ही रीत कधी चुकत नाही. पण आपल्याच देशात ती चुकायची. १९६८ पासून वीस पैशांचं नाणं आलं आणि पंचवीसचं आधीपासून होतंच. चाळीस पैसे द्यायचे आहेत. मोठ्यापासून सुरुवात केली तर २५, मग १०, मग ५. तीन नाणी. पण २० आणि २० ही दोनच पुरतात. बाबांना हे विचारलं तर ते म्हणाले, "चाळीस पैसे म्हटलं की हात आपोआप विसाच्या खणाकडे जायचा." जी गोष्ट आता संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतात, ती त्यांचा हात शिकला होता.

माळेतल्या दोन मण्यांमधलं अंतरही जपावं लागतं. १ ते २, २ ते ५, ५ ते १०: प्रत्येक पुढचं नाणं मागच्याच्या दुप्पट किंवा अडीचपट. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या आणि सुरुवातीला हाती आली ती दोन हजारची नोट. तिच्या खाली थेट शंभराची. वीसपट अंतर. तीनशेचा किराणा घेऊन दोन हजार पुढे केले तर दुकानदाराला शंभराच्या सतरा नोटा मोजाव्या लागत. नोट खरी होती, पण मोडता येत नव्हती. मोडता न येणारा पैसा हातात असून नसल्यासारखा असतो, हे त्या महिन्यात सगळ्यांनी पाहिलं.

गल्ल्यावरची आणखी एक रीत सांगते, कारण मुलं इथे हमखास अडतात. बिल ३७, दिले १००. शाळेत आपण १०० मधून ३७ वजा करतो, हातचा घेतो, चुकतो. बाबांनी आयुष्यात कधी वजाबाकी केली नाही. ते पैसे हातावर ठेवत पुढे मोजत जायचे: "सदतीस, हे तीन, चाळीस. हे दहा, पन्नास. आणि हे पन्नास, शंभर." पैसे मोजून झाले की हिशेबही झालेला असतो, आणि गिऱ्हाइकानं तो कानांनी तपासलेलाही असतो. किती परत दिले, हा आकडा उच्चारावाही लागत नाही.

आणि दुकानदार "वर तीन रुपये आहेत का?" असं विचारतो तेव्हा? बिल ६३ आहे, तुम्ही १०० दिले. परत ३७, म्हणजे २०, १०, ५ आणि २ अशा चार गोष्टी त्याच्या गल्ल्यातून जाणार. तुम्ही १०३ दिले तर परत ४०, विसाच्या दोन नोटा. ११३ दिले तर परत पन्नासची एकच नोट. माझ्या भाचीला आधी हे पटेना: जास्त पैसे का द्यायचे? तिला मी खेळायला दोन ढीग करून दिले, एक तिचा, एक माझा. चार-पाच बिलं फिरवल्यावर तीच म्हणाली, "म्हणजे मी माझं सुट्ट्यांचं ओझं तुला देते आणि तू मला एकच नोट देतेस." बरोबर. देणं आणि परत घेणं यांतला फरक ठरलेला आहे, ६३. तो फरक कुठल्या दोन आकड्यांनी साधायचा ते आपल्या हातात असतं.

यूपीआय आल्यापासून हे सगळं विसरायला होतं. दुकानाच्या चौकोनी चिन्हावर फोन धरला की ३७ म्हणजे ३७च जातात. सुट्ट्यांचा प्रश्न तिथे नाही. पण चॉकलेटं, बिस्किटं, शाम्पू यांच्या किमती अजूनही १, २, ५, १० याच आकड्यांवर उभ्या आहेत, कारण त्या नाण्यांसाठी ठरल्या. पाच रुपये घेऊन दुकानात आलेल्या मुलाला ५.४० चा पुडा विकता येत नाही. त्यामुळे साखर महागली, गहू महागला, तरी पुड्यावरचा पाचाचा आकडा हलत नाही. हलतं ते वजन.

इथे तिसरी टक्केवारी येते, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. दर कपातीच्या वेळी कंपन्यांचं म्हणणं हेच होतं की पाच-दहाच्या गोल किमती हलवणं अवघड आहे, त्याऐवजी त्याच किमतीत वजन वाढवू. चांगलं आहे. पण किती वाढायला हवं? समजा पुडा ५० ग्रॅमचा होता. ४.४५ ला ५० ग्रॅम हा न्याय्य भाव, तर ५ रुपयांना किती? ५० गुणिले ५, भागिले ४.४५. उत्तर ५६.२ ग्रॅम. म्हणजे वजन सव्वाबारा टक्क्यांहून थोडं जास्त वाढायला हवं. कर उतरला १३ टक्क्यांनी, किंमत उतरायला हवी ११ टक्क्यांनी आणि किंमत तीच ठेवली तर वजन वाढायला हवं १२.४ टक्क्यांनी. एकाच कपातीचे तीन आकडे, आणि तिन्ही खरे. जाहिरातीत ११ टक्के जादा लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही, हे आता तुम्ही स्वतः सांगू शकता. तसंच उलटं: शंभर ग्रॅमचा पुडा गुपचूप नव्वदचा झाला तर दहा टक्के गेले असं वाटतं, पण भाव अकरा टक्क्यांनी चढलेला असतो. शंभर भागिले नव्वद करून बघा.

पाकिटांवर हल्ली छापील किमतीजवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंमतही असते. ती वाचायची सवय लावा, पण लहान पुड्यांत तिच्यावर विसंबू नका. ५ रुपयांना ५० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला १० पैसे. ५ रुपयांना ५३ ग्रॅम म्हणजे ९.४ पैसे, आणि ५७ ग्रॅम म्हणजे ८.८ पैसे. दोन दशांश स्थळांत लिहिलं की शेवटच्या दोन्हींचे ०.०९ रुपयेच होतात. चार ग्रॅमचा फरक गोलाईत बुडाला. म्हणून मी भाचीला उलटा भागाकार शिकवला: रुपयाला किती ग्रॅम. ५० भागिले ५, दहा ग्रॅम. ५० भागिले ४.४५, सव्वाअकरा ग्रॅम. ५३ भागिले ५, १०.६. हा आकडा मोठा असतो, त्यामुळे फरक ठळक दिसतो, आणि जास्त म्हणजे चांगलं हे लक्षात ठेवायलाही सोपं.

तिनं आता गणिताच्या वहीची मागची पानं यासाठी ठेवली आहेत. ४.४५ चा रिकामा कागद नीट कापून पहिल्या पानावर चिकटवलाय. खाली वजन, किंमत आणि रुपयाला किती ग्रॅम असे तीन रकाने पाडलेत. शेजारचं पान मोकळं आहे. पुढचा पाच रुपयांचा पुडा आणला की त्याचा कागद तिथे लागेल.